मेंदूचा अंदाज आणि मनाचा आजार



‘मला आवाज ऐकू येतात’ असे कोणी सांगितले की आपण त्याला वेडा ठरवून मोकळे होतो. मग घरची माणसे ती गोष्ट झाकून ठेवतात आणि उपचाराला उशीर होतो. हे आवाज येतात तरी कसे, याचा आज थोडा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

कानाडोळ्यांकडून मेंदूला मिळणारी खबर बहुधा अपुरी असते. पूर्वानुभवावरून अंदाज बांधून मेंदू ती पुरी करून घेतो. घरचे माणूस यायला उशीर झाला की दाराची कडी वाजल्याचा भास आपणांपैकी कोणाला झालेला नाही? तेथे अंदाजाने खबरीवर मात केलेली असते.

पण अंदाजाचे हे वजन मोजावे कसे? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक आकृती दाखवायची आणि त्याच वेळी एक बारीक सूर ऐकवायचा. असे पुष्कळदा झाल्यावर मधूनमधून नुसतीच आकृती दाखवायची. न वाजलेला सूर निरोगी माणसांनाही कधी कधी ऐकू आला. ज्यांना एरवी आवाज ऐकू येत, त्यांना तो कितीतरी अधिक वेळा ऐकू आला. मग प्रत्येकाची उत्तरे संगणकावरील गणिती प्रतिकृतीशी ताडून, त्याचा मेंदू अंदाजाला किती वजन देतो आणि खबरीला किती, हे काढण्यात आले. आवाज ऐकणाऱ्यांचे पारडे अंदाजाकडे झुकलेले आढळले. गंमत अशी की, त्यांतले काही जण मनोरुग्ण नव्हतेच! रुग्णांचे वेगळेपण निराळे होते: परिस्थिती पालटली तरी त्यांचा अंदाज सहजी पालटत नव्हता.

एवढ्यावरून संगणक रोगनिदान करू लागला, असे कोणी समजू नये. हा प्रयोग थोड्या माणसांवरचा होता. मनोविकारतज्ज्ञाला आजही रोग्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलूनच निदान करावे लागते. परंतु या गणिताने एक गोष्ट दाखवून दिली आहे. आवाज ऐकणारा माणूस आणि आपण, यांतला फरक प्रकाराचा नसून पुष्कळसा प्रमाणाचा आहे. दृष्टी अधू झाली तर आपण लाजत नाही, डॉक्टरांकडे जातो. मग येथेच लाज कशाची?