शंका घेण्याचे धैर्य



रहस्यकथा म्हणजे रिकाम्या वेळचे वाचन, चळवळीतील माणसाला त्यातून काय लाभणार, असे कार्यकर्त्यांच्या वर्तुळात नेहमी म्हटले जाते. हे म्हणणे पुष्कळ अंशी खरेही आहे. तथापि काही पुस्तके लेखकाच्या मनात नसतानाही समाजव्यवस्थेविषयी साक्ष देऊन जातात. अगाथा ख्रिस्ती यांची १९५२ साली प्रसिद्ध झालेली ‘मिसेस मॅकगिंटीज डेड’ ही कादंबरी अशांपैकी एक होय. ख्रिस्तीबाई समाजवादी नव्हत्या. म्हणूनच त्यांची साक्ष अधिक मोलाची.

कथानक साधे आहे. इंग्लंडमधील एका खेड्यात चार घरची झाडलोट करून पोट भरणाऱ्या उतारवयाच्या एका स्त्रीचा खून होतो. जमिनीच्या फळीखाली तिने साठवलेले तीस पौंड नाहीसे झालेले असतात. तिच्या घरी भाड्याने राहणारा जेम्स बेंटली हा कारकून नोकरी गमावून बसलेला, भाडे थकलेला, चारचौघांत बोलताही न येणारा. त्याच्या बाहीवर रक्त आढळते, पैसे घराबाहेर दडवलेले सापडतात. ज्यूरी त्याला दोषी ठरवते आणि फाशीची शिक्षा होते. हेतू स्पष्ट, पुरावा जुळलेला, खटला नियमाप्रमाणे चाललेला. कोठे खोट दिसत नाही.

येथे अस्वस्थ होतो तो स्पेन्स हा पोलीस अधिकारी. बेंटलीविरुद्धचा पुरावा त्यानेच गोळा केलेला असतो. आपण चुकलो असू, ही शंका मनात येताच तो बढतीचा वा खात्याच्या अब्रूचा विचार न करता हर्क्यूल पॉयरोकडे जातो आणि फाशीपूर्वी नव्याने शोध घेण्याची विनंती करतो. या कादंबरीतील खरे धैर्य पॉयरोच्या बुद्धीत नसून स्पेन्सच्या या कबुलीत आहे.

पॉयरो विचारतो तो प्रश्न कोणीच विचारलेला नसतो: ही स्त्री कोण होती, ती कोणाकोणाच्या घरी राबत होती, तेथे तिने काय पाहिले? तपासाच्या दृष्टीने ती केवळ तीस पौंडांची धनीण होती. प्रत्यक्षात रविवारच्या वृत्तपत्रात छापलेले एक जुने छायाचित्र तिने एका प्रतिष्ठित घरात पाहिलेले असते, आणि ते ज्ञानच तिच्या जिवावर उठते. राबणाऱ्या बाईला डोळे असतात, याचा विसर जसा मालकवर्गाला पडतो तसाच कायद्यालाही पडतो.

कादंबरीतला बेंटली वाचतो. परंतु त्याच काळात लंडनमध्ये टिमथी एव्हान्स वाचला नाही. मोटार हाकून पोट भरणाऱ्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या या तरुणाला तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल ९ मार्च १९५० रोजी फाशी दिली गेली. खुनी खालच्या मजल्यावरचा जॉन ख्रिस्ती आहे, असे तो न्यायालयात सांगत होता. न्यायालयाने विश्वास ठेवला तो सरकारपक्षाचा साक्षीदार झालेल्या त्या माजी पोलीस शिपायावर. १९५३ साली त्याच घरात आणखी स्त्रियांची प्रेते सापडली आणि ख्रिस्ती फासावर गेला. तरीही त्याच वर्षीच्या सरकारी चौकशीने एव्हान्सलाच दोषी ठरवले. त्याला मरणोत्तर माफी मिळाली ती १९६६ साली. तेथे स्पेन्स नव्हता. व्यवस्थेला स्वतःची चूक पाहायची नव्हती.

हा प्रश्न केवळ इंग्लंडचा नाही. नाशिक जिल्ह्यात २००३ साली घडलेल्या दरोडा, बलात्कार व खुनांच्या प्रकरणात भटक्या जमातींतील सहा गरीब माणसे पकडली गेली. त्यांपैकी तिघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने कमी केली होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे फाशीच्या प्रकरणांतील फेरविचार अर्ज खुल्या न्यायालयात ऐकावेत, असा निर्णय २०१४ साली झाला, आणि त्या वाटेने हे प्रकरण पुन्हा उघडले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. बचावलेल्या स्त्रीने पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून प्रथम चार निराळ्याच इसमांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. कादंबरीप्रमाणे येथेही दुर्लक्षित छायाचित्रात सत्याची वाट होती. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. तोवर सोळा वर्षे उलटली होती, आणि मृतांनाही न्याय मिळालेला नव्हता. कारण निरपराधाला शिक्षा होते तेव्हा अपराधी मोकळा राहतो.

कादंबरी येथेच अपुरी पडते. तीत निरपराध्याचा जीव वाचतो तो एका अधिकाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी आणि एका नामांकित गुप्तहेराची मैत्री यांच्या योगायोगाने. गरिबाचा न्याय योगायोगावर सोपवता येत नाही. मोफत कायदेसाहाय्याचे तत्त्व १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात आले. परंतु कोठडीतल्या पहिल्या रात्री वकील हजर नसेल तर ते कलम कागदावरच राहते.

म्हणून कार्यकर्त्याचे काम निकालानंतर नव्हे, अटकेच्या दिवशी सुरू होते. वस्तीतला माणूस उचलला गेला की कोणत्या आरोपावरून, कोणाच्या सांगण्यावरून, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारणे. कुटुंबाला वकील मिळवून देणे. साक्षीदार गाव सोडण्याआधी त्याचे म्हणणे वकिलापर्यंत पोहोचवणे, ही कामे सभेइतकीच महत्त्वाची आहेत. आणि जमाव ‘फाशी द्या’ असे ओरडत असताना ‘खुनी खरोखर हाच काय?’ असे विचारावे लागते. तेव्हा टाळ्या मिळत नाहीत. परंतु फाशी परत घेता येत नाही. प्रश्न मात्र वेळीच विचारता येतो.