सीए, खासदार आणि लोंढा-मिरज मार्ग



बॅरिस्टर नाथ पै बेळगावला नव्यानं सांगायला नकोत. सीमाप्रश्नासाठी झिजलेले नाथ १८ जानेवारी १९७१ रोजी इथंच, बेळगावात गेले. ते राजापूरचे खासदार. त्यांच्यामागून त्या मतदारसंघातून प्राध्यापक मधु दंडवते निवडून आले, ते पुढं रेल्वेमंत्री झाले. याच राजापुरानं १९९६ साली एका सीएला लोकसभेत पाठवलं आणि तेव्हापासून सलग चार वेळा निवडून दिलं. ते सुरेश प्रभू. सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचं अध्यक्षपद सांभाळलेले, शिवसेनेचे उमेदवार.

२००० साली वाजपेयींनी त्यांना ऊर्जाखातं दिलं. राज्यांची वीज मंडळं तोट्यात होती. तोटा नेमका कुठं होतो, हेच सांगता येत नव्हतं, कारण वाटेत किती वीज जिरते ते कुणी नीट मोजत नव्हतं. प्रभूंच्या काळात फीडरवर मीटर बसवण्यावर जोर आला. ऊर्जासंवर्धन कायदाही तेव्हाचाच, २००१ चा. पक्षानं सांगितल्यावर २००२ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांच्या कारकिर्दीत संसदेत आलेल्या वीज विधेयकाचा कायदा झाला तो २००३ मध्ये. २००९ ची लोकसभा निवडणूक ते हरले.

२०१४ साली ते भाजपमध्ये आले आणि रेल्वेमंत्री झाले. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी मांडलेल्या रेल्वे अर्थसंकल्पात एकाही नव्या गाडीची घोषणा नव्हती. गावोगावचे लोक हिरमुसले. मला मात्र त्यात मोठं धैर्य दिसतं. रायबागला नाहीतर घटप्रभेला क्रॉसिंगसाठी ताटकळलेल्या प्रवाशाला कारण ठाऊक होतं: रूळच एक, त्यावर आणखी गाडी घालणार कुठं? त्याच वर्षी १८६ किलोमीटरच्या लोंढा-मिरज मार्गाच्या दुपदरीकरणाला मंजुरी मिळाली. आपल्या भागाला नव्या गाडीपेक्षा याचीच गरज जास्त होती, असं मी ठामपणे म्हणेन.

१९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा असे. तो मुख्य अर्थसंकल्पात मिळवावा, असं प्रभूंनी स्वतः अर्थमंत्र्यांना लिहिलं, आणि २०१७ पासून तसं झालं. वर्षातून एकदा सारा देश ज्या भाषणाकडे कान लावून बसे, त्या भाषणाचा मान त्यांनी आपणहून सोडला.

सगळे आकडे मात्र त्यांच्या बाजूनं उभे राहिले नाहीत. शंभर रुपये मिळवायला रेल्वेनं साडेअठ्ठ्याऐंशी रुपये खर्चावेत, असं २०१५-१६ चं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात नव्वदहून अधिक लागले, पुढच्या वर्षी शहाण्णवच्याही वर. वेतन आयोगाचा भार त्यात होता, तरी उद्दिष्ट हुकलं ते हुकलंच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशात पाठोपाठ दोन अपघात झाले. प्रभूंनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनाम्याची तयारी दाखवली. सप्टेंबरात ते वाणिज्यखात्यात गेले.

लोंढा-मिरजचं काम मंत्री बदलले म्हणून थांबलं नाही. २०१९ मध्ये आपले खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री झाले, तेव्हाही ते चालूच होतं.