घराच्या भिंती : फिका रंग कीं गडद ?

रत्नागिरीच्या दक्षिणेस, मुचकुंदी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें पूर्णगड हें गांव वसलें आहे. टेकडीवरील किल्ला जांभ्या दगडाचा. कोंकणांतील जुनीं घरेंहि बहुधा त्याच दगडाचीं. उतरतें कौलारू छप्पर, खोल पडवी आणि तिच्यामागें माजघर, ही त्यांची मांडणी. वर्षाकांठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुलुखांत ती शहाणपणाचीच होय. परंतु तिच्यामुळें माजघराच्या वांट्याला अंधार येतो.

अशा खोलीचा रंग हा केवळ आवडीचा प्रश्न नव्हे. ताज्या चुन्याची पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचे शंभरांतून सुमारें ८० भाग परत फेंकते. गर्द तपकिरी भिंत २० भागहि परत देत नाहीं. शिवाय एका भिंतीवरून उसळलेला प्रकाश दुसरीवर पडून पुन्हां उसळतो, आणि हा फरक वाढतच जातो. म्हाताऱ्या माणसाला सुईंत दोरा ओंवतां येईल कीं नाहीं, कोपऱ्यांतला विंचू वेळींच दिसेल कीं नाहीं, हें त्यावर ठरतें. कोंकणांत लाल विंचवाच्या दंशानें माणसें दगावलीं आहेत.

फिक्या रंगानें खोली थंड राहते, ही समजूत मात्र अर्धीच खरी. ऊन परतवावयाचें तर फिका रंग छपराला व बाहेरच्या भिंतीला हवा. आंतल्या रंगानें उकाडा फारसा हटत नाहीं.

मग गडद रंग त्याज्यच काय ? तसेंहि नाहीं. समुद्राकडे तोंड असलेल्या पश्चिमेच्या खोलींत तिसऱ्या प्रहरीं पाण्यावरून येणारी तिरीप डोळे दिपविते. तेथें मध्यम रंग सुखाचा. भिंतीच्या पायथ्याशीं गेरूचा पट्टा ओढला तर डाग झांकतात. परंतु खिडकी ज्या भिंतींत आहे ती गडद करूं नये. उजळ खिडकी व काळवंडलेली भिंत यांच्या विरोधानें दृष्टि शिणते.

रंगाइतकाच विचार ओलीचाहि करावा. जांभा सच्छिद्र असल्यानें पाणी शोषतो. तेलरंगाखालीं ती ओल कोंडते व पापुद्रे सुटतात. चुना ओलीला वाट देतो, आणि ताजा असतां बुरशीलाहि आवरतो. निव्वळ पांढरें डोळ्यांवर येत असेल, तर त्यांत थोडी पिवडी मिसळावी.

दसऱ्याच्या सुमारास रंगारी येईल, तेव्हां आधीं हातभर जागा रंगवून घ्यावी. ती सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत पाहावी, आणि मगच साऱ्या खोलीला कुंचला लावूं द्यावा.