हळदीकुंकवाला आपण, उमेदवारीला कोण?

(८ मार्चच्या निमित्ताने काळाचौकी येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



आत्ता जिना चढताना एकीनं मला विचारलं, "ताई, आज राजकारणावर बोलणार म्हणे? आपला काय संबंध त्याच्याशी?" याच बाईनं गेल्या निवडणुकीत तीन चाळींत मतदारांच्या स्लिपा वाटल्या होत्या, हे मला ठाऊक आहे. स्लिपा वाटायच्या, प्रचारफेरीत घसा बसेपर्यंत घोषणा द्यायच्या, हळदीकुंकवाला बायका जमवायच्या, 'लाडकी बहीण'चे अर्ज भरून द्यायचे, आणि वर म्हणायचं, आपला काय संबंध!

गिरणगावातल्या बाईला राजकारण नवीन नाही. गिरणीकामगारांच्या लढ्यांत उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर अशा बायका पुढे होत्या. १९७२ नंतर महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या लढ्याच्या पुढारी होत्या अहिल्या रांगणेकर, मृणाल गोरे, प्रमिला दंडवते. पहिल्या दोघी १९७७ मध्ये आणि प्रमिलाताई १९८० मध्ये मुंबईतून लोकसभेवर गेल्या. तेव्हा राखीव जागा नव्हत्या, पण पाठीशी चळवळ होती.

याच भागातली आणखी एक आठवण. १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. त्या हरल्या आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. आजही ही निवडणूक आठवली जाते ती दोन पक्षांची झुंज म्हणून. नवऱ्याच्या खुनाला काही महिने होतात न होतात तोच मतं मागायला बाहेर पडलेल्या बाईची आठवण किती जणांना आहे? बाईला उमेदवारी मिळते ती बरेचदा अशीच, कुणाची तरी बायको, विधवा किंवा मुलगी म्हणून.

आता जरा हिशेब मांडू. मुंबई महापालिकेत १९९२ च्या निवडणुकीपासून स्त्रियांसाठी राखीव जागा आल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत निम्म्या जागा राखीव केल्या. परिणाम काय झाला? श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर, किशोरी पेडणेकर, या गिरणगावातल्या नगरसेविका मुंबईच्या महापौर झाल्या. आता विधानसभेकडे बघा. आपला शिवडी मतदारसंघ. २००९, २०१४, २०१९, २०२४, चारही वेळा पुरुषच निवडून आला. २०२४ मध्ये सगळ्या महाराष्ट्रात २८८ आमदारांत बायका निवडून आल्या २१. लोकसभेत ५४३ मध्ये ७४. संसद आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झाला, पण त्याला जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना अशी अट जोडलेली होती. त्यामुळे २०२४ च्या दोन्ही निवडणुका त्याच्याविनाच पार पडल्या.

म्हणजे वाडी तीच, बाई तीच. जिथे कायद्यानं दार उघडलं तिथे ती महापौराच्या खुर्चीपर्यंत पोचली. जिथे किल्ली पक्षांच्या हाती राहिली तिथे ती उंबऱ्यातच उभी आहे. मग "बायका निवडून येत नाहीत" असं कुणी म्हटलं तर विचारा, तिकिटं किती जणींना दिलीत?

आणि जी पोचते तिला काय ऐकावं लागतं? मे २०२२ मध्ये एका पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांनी खासदार सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करायला सांगितलं. २०२४ च्या विधानसभा प्रचारात, इथे दक्षिण मुंबईतच, दुसऱ्या बाजूच्या एका खासदारांनी शायना एन. सी. यांच्यासंदर्भात 'माल' हा शब्द वापरला. दोघांनीही नंतर दिलगिरी व्यक्त केली. झेंडे वेगळे, भाषा एकच.

पण आज मला बोट फक्त पुढाऱ्यांकडे दाखवायचं नाही. माझ्या कामाच्या वस्तीत एक बाई होती. नाव सांगत नाही. नळाचं पाणी, रेशनकार्ड, मारहाण झालेल्या मुलीला घेऊन रात्री पोलीस चौकी, वीस वर्षं हे सगळं तिनं केलं. वॉर्ड स्त्रियांसाठी राखीव झाला. पक्षाच्या मुलाखतीत तिला विचारलं, "खर्चाची तयारी आहे का? मिस्टरांची परवानगी आहे का?" तिकीट एका पदाधिकाऱ्याच्या पत्नीला मिळालं. ही माझ्याकडे आली. "ताई, अपक्ष उभी राहू?" आणि मी, एमएसडब्ल्यू झालेली, स्त्रीमुक्तीवर शिबिरं घेणारी, तिला म्हटलं, "आत्ता नको, पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी सोडत निघाली आणि वॉर्ड खुला झाला. खुल्या जागेवर बाईचा विचार कोण करतो? ती पुन्हा स्लिपा वाटत होती. पुरुष असता तर मी त्याला "नको" म्हटलं असतं का? हा प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून आज चार गोष्टी ठरवूया. एक, खुल्या वॉर्डातही बाईनं तिकीट मागायचं आणि ते मागायला तिला एकटीला पाठवायचं नाही, वीस जणींनी बरोबर जायचं. दोन, उमेदवार बाई प्रचाराला आली की प्रश्न तिलाच विचारायचे. शेजारचे 'साहेब' उत्तर देऊ लागले तर म्हणायचं, "तुम्ही थांबा, त्यांना बोलू द्या." तीन, सभा रात्री दहाला ठेवाल तर आम्ही येणार नाही, सातला ठेवा, असं पक्षांना कळवायचं. चार, तिच्या चारित्र्यावर कुजबुज सुरू झाली तर ती आपल्या ओट्यावरून पुढे जाऊ द्यायची नाही.

आणि आपल्यातली कुणी विचारायला आली, "मी उभी राहू?" तर मी केलेली चूक तुम्ही करू नका. तिला म्हणा, "रहा. फॉर्म कधी भरायचा ते सांग."