बोललं ते जसंच्या तसं उतरलं का?

आज हिशेबाच्या वहीबद्दल बोलायचं नाही. ती आपल्याला पाठ आहे. बचत किती, अंतर्गत कर्ज किती, उशिरा आलेल्या बाईला दंड किती, सगळं त्यात असतं. आज दुसऱ्या वहीबद्दल बोलू. गावात कोणी अभ्यासाला येतं, बायांना गोल बसवतं, प्रश्न विचारतं, आणि आपल्यापैकीच एखादी शिकलेली पोरगी कोपऱ्यात बसून लिहीत असते, ती वही. आता त्या वहीच्या मागे कॉम्प्युटरही आला आहे. म्हणून तिच्यात काय लिहायचं आणि बैठक कशी मिटवायची, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं. उमेदच्या कामात, आरोग्याच्या कामात, कॉलेजच्या पोरींच्या प्रकल्पात आम्ही गटाच्या ताया अशा कितीतरी बैठकांना बसतो.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं आंजीला कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. तिथले डॉ. अमोल डोंगरे आणि डॉ. प्रदीप देशमुख यांनी या भागातल्या गावांत एक अवघड प्रश्न विचारला : शेतकरी आत्महत्या का करतात, तुम्हाला काय वाटतं? हा अभ्यास २०१२ साली छापून आला. त्यांनी छापील फॉर्म भरून घेतला नाही. लोकांना कारणं सांगू दिली, आणि ती जशी आली तशी लिहून घेतली. कर्ज, व्यसन, निसर्गाचा कोप, मालाला भाव नाही, घरच्या जबाबदाऱ्या आणि ताण, सरकारची बेपर्वाई, ओलिताची सोय नाही, लागवडीचा वाढता खर्च, खाजगी सावकार, रासायनिक खतं, नापिकी, अशी ती यादी आहे. यातलं नवीन काय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. आपल्या ओट्यावर रोज हेच बोलणं होतं. पण ओट्यावरचं बोलणं तिथेच विरून जातं, आणि हे नोंदलं गेलं. आणि बघा, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी यादीत व्यसन आलंच. लोक कागदावरची बंदी सांगत नाहीत, डोळ्यांनी दिसतं ते सांगतात.

या यादीचं गणित करायला त्यांनी अँथ्रोपॅक नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. अमेरिकेतल्या स्टीव्ह बोर्गाटी यांनी बनवलेलं, जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरवर चालणारं. ते काय करतं हे आपल्याला समजू शकतं. भाजीच्या हिशेबाएवढंच गणित आहे.

समजा तीन बायांना विचारलं, घरात घोर कशाचा? पहिली म्हणाली : कर्ज, दारू, पाऊस, भाव. दुसरी म्हणाली : भाव, कर्ज, आणि गप्प बसली. तिसरी म्हणाली : दारू, पाऊस, मुलीचं लग्न, कर्ज, आजारपण. आता नुसतं मोजलं तर कर्ज तिघींनी सांगितलं, दारू दोघींनी. म्हणजे कर्ज बरंच पुढे. पण सॉफ्टवेअर आणखी एक गोष्ट बघतं, कोणतं नाव आधी आलं. माणसाच्या मनात जे वर असतं ते ओठावर आधी येतं, असा त्यामागचा विचार. म्हणून यादीतल्या पहिल्या नावाला पूर्ण १ गुण आणि पुढच्यांना उतरत्या क्रमानं कमी. चार नावांची यादी असेल तर दुसऱ्याला पाऊण, तिसऱ्याला अर्धा, चौथ्याला पाव. या हिशेबानं कर्जाला पहिलीकडून १, दुसरीकडून अर्धा, तिसरीकडून ०.४ मिळतात. बेरीज १.९, तिघींत वाटली की ०.६३. दारूला पहिलीकडून ०.७५, दुसरीकडून शून्य, तिसरीकडून १. बेरीज १.७५, तिघींत वाटली की ०.५८. बघा, दारू कर्जाच्या अगदी पाठीला येऊन उभी राहिली. नुसत्या मोजणीत हे दिसलं नसतं.

आता लिहिणाऱ्या पोरीकडे वळू. सगळं तिच्या हातात आहे. तिनं घरी जाऊन यादी सुबक करावी म्हणून क्रम बदलला, तर गणित खोटं पडतं. कॉम्प्युटर विचारायला येत नाही की ताई, हे खरंच आधी आलं होतं का. तसंच, मध्येच कोणी सुचवलं, “अगं, पावसाचं सांग ना,” तर ते नाव तिच्या यादीत धरायचं नाही. बाजूला खूण करायची की हे सुचवल्यावर आलं.

शब्दांचं तर त्याहून नाजूक आहे. एक बाई म्हणते उधारी, दुसरी म्हणते सावकार, तिसरी म्हणते दर आठवड्याचा हप्ता. शिकलेल्या पोरीचा हात वळतो आणि तिघींच्या नावावर ती एकच लिहिते, “आर्थिक अडचण”. कागद छान दिसतो, पण तीन वेगळी दुःखं एका गोणीत कोंबली जातात. सावकार दारात येऊन उभा राहतो, उधारी किराणा दुकानात तोंड खाली घालायला लावते, आणि हप्त्यासाठी शेजारणीकडे हात पसरावा लागतो. पुढे योजना करणाऱ्यानं यातून काय समजावं? आम्ही तर पोरींना सांगतो, बाई वावर म्हणाली तर वावर लिही, शेतजमीन लिहू नको. पऱ्हाटीचं कापूस पीक करू नको. आजकाल मोबाईलवर बोलून मराठी टाइप होतं, त्यानं काम हलकं होतं हे मान्य. पण आपल्या बोलीतला शब्द त्याला कळला नाही की ते भलताच शब्द उमटवतं. म्हणून ते वापरा, पण वहीशी ताडून बघा.

यादी झाली की दुसरा भाग, कार्डांचा. एकेका कारणाचं एकेक कार्ड करतात आणि बाईच्या हातात देतात : जी कार्डं एकमेकींच्या जवळची वाटतात त्यांचे ढीग लावा. किती ढीग, कसे, हे ती ठरवते. एक बाई भाव, खर्च आणि सावकार एका ढिगात टाकेल. दुसरी दारू आणि सावकार एकत्र टाकेल, कारण तिनं तसं घर बघितलं आहे. मग सॉफ्टवेअर मोजतं, कोणती दोन कार्डं किती जणींनी एकत्र ठेवली, आणि त्यावरून नकाशा काढतं. जी बऱ्याच जणींनी एकत्र ठेवली ती नकाशात जवळ, बाकीची लांब. डाळ-तांदूळ शेजारी आणि फिनाईल लांब, आपण फडताळ लावतो तसंच. नोंदीत दोन गोष्टी हव्यात : ढिगात कोणती कार्डं होती, आणि “का गं एकत्र ठेवलीस?” याचं तिच्या तोंडचं उत्तर. उत्तराशिवाय तो नकाशा मुका. वाचता न येणाऱ्या मावशीसाठी कार्डावर चित्र काढा. ढीग लावायला अक्षर लागत नाही.

आता बैठक मिटवण्याबद्दल. आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. दोन तास झाले, चहा आला, गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवतो, आणि येणारी माणसं “धन्यवाद हं ताई” म्हणून निघतात. आपण विचारायचं, “थांबा, काय लिहिलं ते वाचून दाखवा.” दहा मिनिटं लागतात. वाचताना बाया बोलतात, हे असं नव्हतं, हे राहिलं. सावकार आणि खाजगी कर्ज हे एकच धरायचं की वेगळं, हे तिथेच विचारून घेता येतं, कारण सॉफ्टवेअरला दोन नावं दिली की ते दोन गोष्टी मोजणार. हे एकीकरण बायांसमोर व्हावं, ऑफिसात नाही.

विषय आत्महत्येसारखा असेल तर मिटवताना आणखी सांभाळावं लागतं. गोलात एखादी अशी असते जिच्या घरात हे घडलेलं असतं. ती दोन तास गप्प असते, किंवा एकदम भरून बोलते. तिला तसंच उठवून घरी पाठवायचं नाही. शेवटचा प्रश्न हलका ठेवा, औंदा तूर कशी आहे, पोरगी कोणत्या वर्गात गेली. मग कोणी तिच्यासोबत घरापर्यंत जावं, आणि दोन दिवसांनी आशाताईनं किंवा गटातल्या मैत्रिणीनं डोकावून यावं. हे नोंदवहीत कामाच्या रकान्यात लिहा, म्हणजे विसरत नाही.

नावांचं काय करायचं, असं बाया विचारतात. जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम तुम्ही ऐकलं असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून सुरू केलं, महाराष्ट्रभरच्या गावांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या, कॉम्प्युटरमध्ये त्यांचा साठा झाला, आणि २०१७ पासून पारीच्या संकेतस्थळावर त्या येत आहेत. तिथे ओवीसोबत गाणारीचं आणि गावाचं नाव असतं, आणि असायलाच हवं. ती तिची कला आहे, तिचा मान तिला मिळावा. पण घरातल्या कर्जाचं, दारूचं, मारहाणीचं बोलणं निराळं. तिथे नाव काढून बाई १, बाई २ असे नंबर द्यायचे. कोणता नंबर कोणाचा, तो कागद वेगळ्या ठिकाणी कुलपात. आणि आवाजही नावच असतो हे विसरू नका. एका गावात अभ्यासाला आलेल्यांपैकी कोणीतरी बैठकीचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं. नाव कोणाचंच नव्हतं, पण गावानं आवाज ओळखला, आणि त्या बाईला महिनाभर सासरी बोलणी खावी लागली. तेव्हापासून आम्ही रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीच विचारतो : कोणाच्या फोनमध्ये, किती दिवस, कोण ऐकणार, कधी पुसणार? उत्तर नीट मिळालं नाही तर म्हणायचं, लिहून घ्या, रेकॉर्ड नको. हा आपला हक्क आहे, त्यात उद्धटपणा नाही.

त्याच संध्याकाळी प्रश्न विचारणारी आणि लिहिणारी, दोघींनी अर्धा तास एकत्र बसायचं. कोण कुठे बसलं होतं, कोण बोललीच नाही, कोणत्या प्रश्नाला हसू आलं, सासूकडे बघून कोण थांबली, हे सगळं तेव्हाच आठवतं. आठवडाभरानं सॉफ्टवेअरमध्ये भरू म्हणाल तर हे हातून गेलंच समजा.

आणि अभ्यास करणाऱ्यांनी परत यावं, हा आग्रह आपण धरायला हवा. आंजीच्याच परिसरात तो धरता येतो हे दिसलं आहे. आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या २३ गावांत किशोरवयीन मुलींबरोबर पाळीच्या स्वच्छतेवर काम झालं. आधी मुलींची गरज समजून घेतली, मग आरोग्यशिक्षण झालं, आणि तीन वर्षांनी पुन्हा बघितलं गेलं. पाळी येण्याआधी तिची माहिती असलेल्या मुली शंभरात ३५ होत्या, त्या ५५ झाल्या. तयार पॅड वापरणाऱ्या ५ होत्या, त्या २५ झाल्या. बदल झाला का, हे आकड्यांसोबत मुलींनाही विचारलं होतं.

पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत ही यादी आणि ढिगाची पद्धत आम्ही पाण्याच्या प्रश्नावर करून बघणार आहोत, कॉम्प्युटरशिवाय, कागदावर. ज्या गटांना करायची असेल त्यांनी कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका जमवून ठेवा. त्यांचा पुठ्ठा जाड असतो, पंख्याच्या वाऱ्यानं उडत नाही, आणि मागची बाजू बहुतेक कोरीच असते.