जांभळा शांपू कोणाच्या केसांसाठी?

धुतलेले धोतर शेवटच्या पाण्यातून काढण्यापूर्वी परीट त्या पाण्यात चिमूटभर नीळ मिसळीत असे. ही नीळ वस्त्र निळे करण्यासाठी नसे. वारंवार धुऊन कापडावर चढलेली पिवळी झाक मोडावी, एवढाच तिचा हेतू. पिवळ्यावर निळसर-जांभळी छटा अगदी पुसट पडली, की पिवळेपण डोळ्यांना जाणवेनासे होते आणि वस्त्र शुभ्र भासते. प्रमाण चुकले, तर मात्र तेच धोतर भर पेठेत हसू करून घेते. बेळगावच्या खडे बाजारात काय किंवा निपाणीच्या पेठेत काय, प्रसाधनांच्या फळीवर जांभळ्या शांपूची जी बाटली मांडलेली असते, तिचे सारे शास्त्र परटाच्या या बादलीत आहे.

बाटलीवर चित्र असते सोनेरी केसांच्या पाश्चात्त्य तरुणीचे. मूळचे किंवा औषधाने उजळलेले सोनेरी केस काही दिवसांनी पितळेसारखे पिवळे पडतात. ती झाक मारण्यासाठी हा शांपू निघाला. या सीमाभागात तसे केस घेऊन कोणी जन्माला येत नाही. तेव्हा ही बाटली येथे कोणाच्या उपयोगाची, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. चित्र पाहून ती घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचा पैसा व्यर्थ जातो, आणि जिला तिचा खरा उपयोग व्हावा ती त्या फळीकडे फिरकतही नाही.

एक रंग दुसऱ्याला मारतो, हे शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील विणकरांना नवे नाही. ताणा पिवळा आणि बाणा जांभळा धरून बारीक वीण घातली, तर दुरून दोन्ही रंगांचे तेज ओसरलेले दिसते. पॅरिसच्या गोबेलिन्स विणकामशाळेत रंगखाते सांभाळणाऱ्या शेव्रल या रसायनज्ञापुढे अशीच एक तक्रार आली होती. काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो, असे कारागिरांचे म्हणणे. तपासाअंती दोष रंगात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सान्निध्यात आहे, असे त्याला आढळले. या अभ्यासावरचा त्याचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला. पिवळ्यासमोर जांभळा, नारिंगीसमोर निळा, तांबड्यासमोर हिरवा, या जोड्या ध्यानात ठेवल्या म्हणजे शांपूच्या निवडीतील अर्धे कोडे सुटते.

उरलेले अर्धे कोडे केसांचे आहे. काळ्या केसांतील रंगद्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडने उडविले, म्हणजे केस एकदम सोनेरी होत नाहीत. काळ्याचा तांबूस तपकिरी, तपकिरीचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा, अशा पायऱ्यांनी ते उतरतात. घरच्या लग्नासाठी केसांच्या काही बटा उजळून घेणाऱ्या मुलीचे केस बहुधा नारिंगीच्या पायरीवरच थांबलेले असतात. आरशात तांब्याच्या घागरीचा रंग दिसतो, मन खट्टू होते, आणि ती जांभळा शांपू आणते. त्याने फरक पडत नाही, कारण नारिंगीचा वैरी निळा आहे, जांभळा नव्हे. मग चिडून पुन्हा औषध लावले जाते. दोनदा-तीनदा औषध सोसलेला केस कोरडा, ठिसूळ होतो आणि कंगव्यात तुटून येतो. लग्नाच्या तोंडावर याहून वाईट ते काय? निळ्या रंगाचा शांपू घेतला असता, तर हा दुसरा घाव टळता.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. असा शांपू केस उजळीत नाही. पिवळा प्रकाश जिरवून तो त्यांना किंचित गडदच करतो. म्हणून न उजळलेल्या काळ्या केसांवर तो ओतणे म्हणजे काळ्या घोंगडीला नीळ देणे होय.

जांभळ्या बाटलीची खरी धनीण घराच्या सोप्यात बसलेली असते. आज्जीचे केस पांढरे होताना त्यांतील रंगद्रव्य गेलेले असते, म्हणून बाहेरची प्रत्येक झाक त्यांवर उमटते. तेल पुरते न निघाल्याने, उन्हाने, चुलीच्या धुराने ते पिवळट दिसू लागतात. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावी विडी ओढणाऱ्या आजोबांच्या पांढऱ्या मिशीचा मधला भाग पाहिला, म्हणजे धूर काय करतो ते वेगळे सांगावे लागत नाही. कूपनलिकेच्या पाण्यात लोह असले, की बादलीला तांबूस कड चढते. तीच कड केसांनाही चढते. नातीने बाटली पुढे केली, तर आज्जी म्हणणारच, “अगं, त्या बाईचे केस पिवळे. माझे पांढरे. मला गं कशाला हे?” वस्तुतः शुभ्र केसांवरील फिकट पिवळी झाक हेच जांभळ्याचे नेमके कार्यक्षेत्र आहे.

मात्र कारण तसेच ठेवून वरून रंग चढविण्यात अर्थ नाही. आधी साध्या शांपूने तेल व धूर धुऊन काढावा, आणि पाणी लोहयुक्त असेल तर शेवटचे पाणी नळाचे किंवा पावसाचे घ्यावे. एवढ्यानेच काम भागले, तर बाटलीचे पैसे वाचले. मेंदीने नारिंगी झालेल्या केसांचा उपाय तर घरोघर ठाऊक आहे: मेंदीवर निळीच्या पाल्याची पूड लावून केस काळसर करणे. नारिंगीवर निळा, हा तोच न्याय. तो सांभाळणाऱ्या बायकांनी शेव्रलचे नाव कधी ऐकले नव्हते.

बाटली विकत घेताना तिच्या प्लॅस्टिकच्या रंगावर जाऊ नये. आतला द्रव पांढऱ्या बशीत थेंबभर ओतून पाहता आला, तर उत्तम. तो स्वतः गडद जांभळा असला पाहिजे. घटकांच्या यादीत ‘व्हायोलेट’ हा शब्द किंवा सी. आय. ६०७३० हा क्रमांक सापडला, तर जांभळा रंग खरोखर घातलेला आहे, असे समजावे. कपड्यांची नीळ मात्र डोक्याला लावू नये. ती कापडासाठी बनविलेली असते, टाळू आणि डोळे यांच्यासाठी नव्हे.

पहिल्या वेळी कानामागची एकच बट ओली करून तीवर शांपू लावावा आणि दोन मिनिटांत धुऊन पाहावे. खाज किंवा लाली आली, तर तेथेच थांबावे. रंग मानवला, तर पुढच्या वेळी तीन ते पाच मिनिटे ठेवावा. आठवड्यातून एकदा पुरे. उजळलेला, कोरडा केस रंग लवकर ओढतो, म्हणून तेथे वेळ कमीच धरावा. पांढरा पंचा जवळ ठेवू नये, डाग पडतो. आणि घड्याळाकडे दुर्लक्ष होऊन आज्जीचे केस जांभळट झालेच, तरी घाबरण्याचे कारण नाही. हा रंग केसांच्या वरच्या थरावर बसलेला असतो. साध्या शांपूने दोन-चार वेळा धुतले, की तो बहुधा उतरतो. तोवर डोक्यावर पदर आहेच.