संगणक-जाळ्यांचा अभ्यास : साधने कोणती आणि ती कशी पारखावीत?

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. मी कला शाखेचा पदवीधर. परंतु काही वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगामुळे मला या विषयाची गोडी लागली.

एके सकाळी आमच्या कार्यालयातील संगणक-जाळे, म्हणजे ज्याला आपण सर्रास नेटवर्क म्हणतो ते, बंद पडले. बाहेर दाखल्यांसाठी लोकांची रांग लागलेली. कोणी तारेला दोष दिला, कोणी यंत्राला. अखेरीस एका तरुण लिपिकाने प्रथम जवळच्या यंत्राकडे आणि मग दूरच्या एका अंकी पत्त्याकडे संदेश पाठवून पाहिला. दोन्हीकडून उत्तर आले. तार शाबूत होती. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या संगणकाचा क्रमांक तेवढा चुकीचा नोंदला गेला होता. पाच मिनिटांत काम सुरू झाले. "हे कोठे शिकलास?" असे मी विचारले. तो म्हणाला, "साहेब, एक पुस्तक नीट वाचले आणि घरी करून पाहिले." माझ्या भाषणाचे सारे सार या एका वाक्यात आहे.

ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस 2011 साली मंजुरी मिळाली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तार गावापर्यंत येऊ शकते. तिचे ज्ञान मात्र आपणच आणावे लागते. ते शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे साहित्याचा दुष्काळ नसून महापूर आहे. म्हणून निवड महत्त्वाची ठरते.

साहित्य पारखण्याच्या तीन कसोट्या मी सुचवितो. पहिली, ते केवळ कोणती कळ दाबावी एवढेच सांगते, की ती का दाबावी हेही सांगते? दुसरी, ते केव्हाचे आहे? तत्त्वे दीर्घकाळ टिकतात, पण तपशील बदलतात. 32 बिटांच्या जुन्या पत्त्यांबरोबरच 128 बिटांच्या नव्या पत्त्यांचा, म्हणजे आयपीव्ही 6 चा, विचार न करणारे पुस्तक आज अपुरे होय. तिसरी कसोटी सर्वांत मोलाची : त्यातील विधान विद्यार्थ्यास स्वतः पडताळून पाहता येते काय?

या कसोट्यांना उतरणारी काही साधने सांगतो. पायाभूत ग्रंथ म्हणून लॅरी पीटरसन व ब्रूस डेव्ही यांचे 'कॉम्प्युटर नेटवर्क्स : अ सिस्टिम्स ॲप्रोच' घ्यावे. 1996 साली प्रथम प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आता इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतो. जेम्स क्युरोस व कीथ रॉस यांचा ग्रंथ परिचित वापरापासून आरंभ करून हळूहळू तारेपर्यंत उतरतो. नवख्यास तो क्रम सोयीचा वाटतो. प्रोग्रॅमिंगसाठी ब्रायन हॉल यांची, 'बीज्स गाइड' या नावाने प्रसिद्ध असलेली विनामूल्य पुस्तिका आहे. तीसाठी सी भाषेचे प्राथमिक ज्ञान हवे. पुढील पायरीवर रिचर्ड स्टीव्हन्स यांचे 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड' वाचावे. जाळ्यातून प्रत्यक्ष गेलेले संदेश समोर मांडून ते समजावून देण्याची त्यांची पद्धत आजही अनुकरणीय आहे.

मूळ दस्तऐवजांचे भय बाळगू नये. इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या टिपणांत असून ती सर्वांस विनामूल्य खुली आहेत. पहिले टिपण 1969 चे. यूडीपीचा नियम सांगणारे 1980 चे टिपण अवघ्या तीन पानांचे आहे. टीसीपीचा 1981 चा नियम 2022 साली नव्याने लिहिला गेला, तरी त्याचा गाभा कायम आहे. आपल्या आवक-जावक नोंदवहीची सवय असणाऱ्यास तो सहज उमजेल : मजकुराच्या प्रत्येक बाइटला क्रमांक, पोचल्याची पावती, आणि ठरावीक वेळेत पावती न आल्यास तोच मजकूर पुन्हा रवाना.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. 127.0.0.1 हा पत्ता संगणकाचा स्वतःचाच असतो. एकाच संगणकावर दोन छोटे प्रोग्रॅम चालवावेत. एकाने वाट पाहावी, दुसऱ्याने हाक द्यावी. वायरशार्क या विनामूल्य साधनाने त्यांचे संभाषण उलगडून पाहावे. पावती कशी येते, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहील आणि मग विसरणार नाही. मात्र दुसऱ्याच्या जाळ्यावर त्याच्या परवानगीवाचून हे साधन चालवू नये, हेही त्याच वेळी शिकवावे.

भाषेची अडचण खरी आहे. वरील बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात संगणकविषयक अनेक पाठ मराठी निवेदनासह मिळतात. त्यांतून लिनक्सची तोंडओळख करून घेता येईल. परंतु उरलेले अंतर शिक्षकांनीच भरून काढावयाचे आहे. इंग्रजी संज्ञा तशाच ठेवाव्यात, स्पष्टीकरण मराठीत द्यावे.

पंचायत सदस्यांना माझी विनंती एवढीच की, गावच्या ग्रंथालयात यांपैकी एक ग्रंथ ठेवावा आणि शाळेतील एक संगणक आठवड्यातून दोन तास या अभ्यासासाठी मोकळा ठेवावा. दहा पुस्तके चाळणाऱ्यापेक्षा एक पुस्तक करून पाहणारा विद्यार्थी गावाच्या अधिक उपयोगी पडेल. ज्या दिवशी तार मुकी होईल आणि बाहेर रांग लागलेली असेल, त्या दिवशी शहरातून माणूस येण्याची वाट पाहावी लागणार नाही. तो आपल्यातच असेल.